नाईकाच्या जीपचे ब्रेक

गॅरेजात किस्से कसे जमतात ते सांगतो. माणूस भ्याला की घरी काही बोलत नाही. घरचे आणखी भितील म्हणून गुपचूप जेवतो, झोपतो. दुसऱ्या दिवशी हात काळे करता करता दोस्तांना हळूच सांगतो आणि दोस्त हसतात. आमच्या यवतमाळच्या गॅरेजात असे इतके किस्से साचले की कोणता कोणाचा तेही पुढे कळेना. नाईकाच्या जीपचे मात्र मला सगळे आठवतात. त्या जीपनं आम्हा कोणालाच सोडलं नाही.

आम्ही म्हणजे तिघं. गॅरेज हमीद उस्तादचं. हाताखाली पांडू आणि मी.

•

रामसिंग नाईक फुलसावंगीकडच्या तांड्याचा. त्याच्या सुनेचं पहिलं बाळ बैलगाडीतच गेलं होतं. नाल्याच्या चिखलात गाडी रुतली आणि दवाखाना दूरच राहिला. ती पुन्हा पोटुशी राहिली तेव्हा नाईक उस्तादला घेऊन लिलावातली जुनी मिलिटरी जीप बघायला गेला. मीही सोबत होतो. चारही चाकं ओढतात, चिखलातून निघते, एवढंच नाईकानं ऐकलं होतं.

उस्तादची तपासायची रीत होती. इंजिनातलं तेल बोटावर घ्यायचं, चोळायचं, हुंगायचं. मग एकेक चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी हलवायचं. तोवर तोंडातून शब्द नाही. नाईक मागं मागं फिरत होता. ड्रायव्हरच्या सीटमागं पत्र्याला गोल भोक दिसलं आणि त्याचा चेहरा उतरला. इथं बसणाऱ्याचं काय झालं असेल, असं त्यानं अगदी हळू विचारलं.

उस्तादनं भोकात बोट घालून पाहिलं. म्हणाला, "गोळी इथून गेली, म्हंजे डायवर खाली वाकला असन. वाकला काहून? जोर लावून ब्रेक दाबाले. म्हंजे ब्रेक चांगले हाय, नाईक!"

नाईकाला धीर आला. मग आम्ही ब्रेक पाहिले. मुळीच चांगले नव्हते.

•

नाईकानं तरी जीप घेतलीच. आम्ही इंजिन खोललं, बसवलं. आता पाण्यातून नेऊन पाहायची होती. पंख्यानं पाणी उडून इंजिन बंद पडू नये म्हणून उस्तादनं पंख्याचा पट्टा काढून ठेवला. पांडूला पोहता येत नव्हतं. तो मागच्या कडेवर पाय वर घेऊन बसला आणि डोळे मिटले.

नाल्यात मधोमध पाणी पायाशी आलं. मी लहान दांडा ओढला, पुढची चाकं जोडली गेली, आणि जीपनं दरडीवर अशी उडी घेतली की माझे दात एकमेकांवर आपटले. वर येऊन मागं पाहिलं तर जीप चढली होती, पांडू नाल्यातच राहिला होता. पाण्यात बसून हात वर करून तो ओरडत होता, मले वाचवा, माह्या मायले सांगा.

उस्ताद काठावरून म्हणाला, "पांडू, पहिले उभा तं राह्य."

पाणी त्याच्या गुडघ्याला होतं.

•

आमच्या गॅरेजचा एक नेम होता, तो दुसरीकडं मी कुठं पाहिला नाही. ज्यानं ब्रेक बांधला त्यानं उताराच्या खाली उभं राहायचं, गाडीकडं पाठ करून. उस्ताद वरून गाडी आणणार आणि त्याच्यामागं थांबवणार. पाठ कशाला, असं नाईकानं विचारलं.

"तोंड केलं तं पयते न तो," उस्ताद म्हणाला.

पांडूचं लग्न झाल्यावर तो प्रत्येक नट पुन्हा पुन्हा आवळू लागला. आवळायचा, उठायचा, परत खाली शिरायचा. उस्तादनं गिऱ्हाईकांना सांगून टाकलं की पांडूच्या बायकोचे उपकार माना, ब्रेक आता तीच बांधून राह्यली.

नाईकाच्या जीपला मी उभा राहिलो. मागं मुरुमावर चाकांचा आवाज वाढत वाढत आला. मी डोळे मिटले नाहीत, पण काही दिसतही नव्हतं. आवाज थांबला तेव्हा बंपरची ऊब पोटऱ्यांना लागत होती.

•

सुनेचे दिवस भरत आले तेव्हा नाईकानं मला तांड्यावर बोलावून ठेवलं. नाईक स्वतः चालवायला नुकताच शिकत होता. आदल्या संध्याकाळी मी ब्रेक दाबून पाहिले. चाकं करकरली. मी अंगणात सगळ्यांदेखत सांगितलं की चाक आवाज करते, पण ब्रेक पक्का धरते, काळजी नाही.

सकाळी कळा सुरू झाल्या. सून मागं, नाईक माझ्या बाजूला. कच्च्या वाटेनं हळूहळू आलो, ब्रेकला पाय लावायची वेळच आली नाही. घाट लागला आणि पहिल्याच वळणावर मी पाय दाबला. चाकं लोण्यात फिरावी तशी फिरत राहिली. दाबत होतो आणि जीप पळत होती. हँडब्रेक ओढला, त्याची तार तुटून हातात आली.

मागं सून कण्हत होती. डाव्या हाताला दरी. मी गिअर कसाबसा खाली पाडला, इंजिन किंचाळलं, आणि जीप उजवीकडच्या मातीच्या दरडीला घासत घासत नेली. दगड उडत होते. नाईक उभा राहून बैलांना थांबवतात तसा ओरडत होता, "हो! हो राजा, हो!"

जीप थांबली.

आपल्या हाकेनंच थांबली असं नाईक पुढं सगळ्यांना सांगे. मी कधी नाही म्हटलं नाही. उरलेला घाट आम्ही पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो तसे उतरलो. दवाखान्यात मुलगी झाली. दोघी नीट होत्या.

•

गॅरेजात उस्तादनं चाकं काढली, ब्रेकचे ड्रम उघडले, आणि नाक आत घातलं.

"याच्यात भजे कोणी तळले?"

चारही चाकांत जवसाचं तेल होतं. नाईक तिथंच जमिनीवर बसला. त्याची म्हातारी आई, तांड्यावर तिला सगळे याडी म्हणत, पहाटे तेलाची वाटी घेऊन जीपपाशी गेलेली त्यानं पाहिली होती. पूजा करत असेल असं त्याला वाटलं होतं. जन्मभर तिनं बैलगाडीचं चाक करकरलं की तेल पाजलं होतं. सून निघायची आणि चाक रडते, म्हणून तिनं चारही चाकांना मागच्या फटीतून पोटभर पाजलं.

नाईकानं उस्तादचे पाय धरले. "याडीले सांगू नका. जीव देईन म्हातारी."

न सांगावं तर ती पुन्हा पाजणार. सून आणि लेकरू त्याच जीपनं घरी जायचे होते, पुढंही येणार जाणार होते. उस्ताद पुष्कळ वेळ ड्रम पुसत राहिला. मग माझ्याकडं पाहून म्हणाला, "तू हळू बोलतं. तूच जाय."

•

ड्रम पेट्रोलनं धुतले, पट्टे नवे लावले आणि त्या दोघींना मी स्वतः तांड्यावर पोचवलं. वाटभर मनात शब्द जुळवत होतो. पण अंगणात सून याडीला घाटात ब्रेक कसे लागलेच नाहीत ते सांगू लागली, आणि त्या दिवशी मला धीर झाला नाही. पंधरवड्यानं ब्रेक बघायच्या निमित्तानं पुन्हा गेलो. घाट उतरण्यापेक्षा ते कठीण वाटत होतं.

याडीनं भाकर वाढली. त्या घरी चटणीवर जवसाच्या तेलाची धार पडल्याशिवाय ताट पुढं येत नसे. आज चटणी कोरडी होती. मी वर पाहिलं. तिचे केस नेहमी तेलानं चप्प बसवलेले असायचे. ते वाळलेल्या गवतासारखे उभे होते.

नाईक माझ्या कानाशी येऊन सांगू लागला की पोरीले घरी आणलं त्या दिवसापासून याडीनं तेल सोडलं. खात नाही, डोक्याले लावत नाही. कायले ते सांगत नाही. नवस असन काही.

मी भाकर खाल्ली.

निघण्याआधी जीप अंगणात फिरवली आणि ब्रेक दाबला. चाक मोठ्यानं करकरलं. घरातली पोरगी दचकून रडायला लागली. याडीनं तिला सुनेच्या हातातून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि चाकाकडं बघत थोपटत उभी राहिली.

"रडू दे त्याले," ती मला म्हणाली. "हिले मी घेतो."