दोनदा लिहिलेली लायब्ररी

माझ्या मोठ्या नणंदबाई, म्हणजे ताई, परीक्षा विभागात प्रोग्रॅमर होत्या. सासूबाई लोकांना सांगायच्या, "टायपिंग करते." ताई हसून सोडून द्यायच्या. निकाल लावणारा प्रोग्रॅम त्यांनी सी भाषेत एकटीनं लिहिला होता. नऊ वर्षं निकाल त्यावरच लागत होते.

मग नवं युनिक्स मशीन आलं आणि त्यावर प्रोग्रॅम तयारच होईना. साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं, "उद्या बारापर्यंत झालं तर ठीक. नाहीतर बाहेरच्या कंपनीचा घेतो, तुमचा बंद."

दुसऱ्या दिवशी विसरलेला डबा द्यायला मी गेले, तेव्हा अकरा वाजले होते. मशीनच्या त्या गार खोलीत ताई कोपरावर उसवलेला स्वेटर घालून बसल्या होत्या. तो स्वेटर मला अजून दिसतो.

"फायली सगळ्या कंपाइल होतात, मशीनच्या भाषेत येतात गं. पण त्या जोडणारा लिंकर म्हणतो, गुण तपासायचं फंक्शन सापडत नाही. मी गुणांची लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा गठ्ठा, उघडून बघितली, आहे त्यात! काखेत कळसा!"

"आंधळा आहे का मेला?"

त्या हसल्या आणि हसता हसता थांबल्या. पडद्यावरच्या कमांडवर बोट ठेवलं. "हा डावीकडून वाचतो. लायब्ररीचं नाव मी आधी लिहिलंय. तेव्हा त्याला तिच्यातलं काहीच नको असतं, म्हणून पुढे जातो. नंतर माझी फाइल फंक्शन मागते, तेव्हा हा मागे वळत नाही. जुनं मशीन वळायचं."

"तुमच्या भावासारखा. दुकान मागे पडलं की पडलं."

त्यांनी गुणांची लायब्ररी फाइलनंतर लिहिली. पडद्यावरच्या चाळीस चुकांपैकी एकच उरली. गुणांच्या लायब्ररीला ओळीत शेवटी असलेल्या छपाईच्या लायब्ररीतलं काही लागत होतं, आणि छपाईच्या लायब्ररीला उलट गुणांचंच काहीतरी हवं होतं. ताईंनी तिच्यानंतर गुणांच्या लायब्ररीचं नाव पुन्हा लिहिलं. एकही चूक आली नाही.

पावणेबाराला साहेब आले. "एकच नाव दोनदा? चुकलंय. एक काढा."

"तुम्हीच काढून बघा, साहेब."

त्यांनी काढलं. लिंकर पुन्हा रुसला. साहेबांनी नाव होतं तिथे लिहिलं आणि त्या बाहेरच्या कंपनीला फोन लावला. "नको, आमचं घरचंच चालतंय."

ताईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी पाण्याचा पेला पुढे केला. पुढची सात वर्षं, त्या निवृत्त होईपर्यंत, निकाल त्यांच्याच प्रोग्रॅमवर लागले.