तिच्यासमोरचा पडदा

आईच्या पायाचं बोट माझ्यामुळे कापावं लागलं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

ती अकोल्याला जठारपेठेत एकटी राहायची, मी अमरावतीला. नापिकीची वर्षं होती. गावोगावचे मदतीचे अर्ज संगणकावर चढवायचं आमच्या ऑफिसचं काम रविवारीही चालायचं. न जाण्याचं हेच कारण मी सगळ्यांना द्यायचो. खरं तर बडनेऱ्याहून गाडी धरली की अकोला काही लांब नाही.

जाण्याऐवजी मी तिच्या बैठकीत लिनक्स ही प्रणाली टाकलेला एक जुना संगणक बसवून दिला. भारनियमन नसेल त्या संध्याकाळी इकडे माझ्या खोलीतून इंटरनेटवरून त्यात शिरायचो आणि हुकूम द्यायचो, फोटो उघड. नुसतं एवढ्यानं भागत नाही. पडदाच सापडत नाही म्हणून संगणक नकार देतो. कोणत्या पडद्यावर, तेही सांगावं लागतं: तिथल्याच, तिच्यासमोरच्या. मग तिकडे आपोआप खिडकी उघडायची, वडिलांचा फोटो यायचा, खाली मोठ्या अक्षरांत ‘जेवलीस का?’ इकडे माझ्यासमोर काळी चौकट आणि लुकलुकणारी रेघ. बाकी काही नाही. तिच्या संगणकाला कॅमेरा नव्हताच.

हे तिला ठाऊक नव्हतं. शेजारच्या काकू एकदा फोनवर हसत म्हणाल्या, “तुही माय सांजच्याले लुगडं बदलून बसते बाप्पा त्या डब्यासमोर. म्हणते, पोरगा येऊन राहिला.”

दुसऱ्या दिवशी आईनंच विचारलं, “काल भरीत दाखवलं तुले. कसं होतं?”

“मस्त दिसत होतं.”

“निरं दिसत होतं? मंग येऊन खाय न, लेका.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कोणीतरी आपल्याला काही दाखवतंय, याचं त्या खोलीत मला फार बरं वाटलं.

पुढे रोजचा कंटाळा आला. मी संगणकालाच वेळ लावून दिली. सांजवातीला फोटो आपसूक उघडायचा, मी चहाच्या टपरीवर असलो तरी. ती दाखवत राहिली, फोनवर विचारत राहिली. मी म्हणत राहिलो, “हो, पाहिलं.”

दिवाळीला घरी गेलो तर तिचा पाय फडक्यात गुंडाळलेला, बैठकीत चिघळलेल्या जखमेचा वास. शुगर तिला आधीपासून होती. मी ओरडलोच, “काहून नाई सांगतलं?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “रोज त दाखवत होती तुले. स्टुलावर पाय ठेवून, लाइट लावून. तू काई बोलला नाई. मंग मले वाटलं, भेवाचं काई नसन.”

बोट गेलं. दवाखान्यात काकूंनी खोदून विचारलं, पोरानं पाहून कसं काही केलं नाही? आई म्हणाली, “त्याले पायवलं नसन. लहानपणापासून रगत पायलं का चक्कर येते त्याले.” मी औषधं आणायला खाली गेलो.

आता ती माझ्याकडेच असते. भिंत धरून चालते. कधी कधी म्हणते, “अकोल्याले होती तवा रोज भेट होत होती आपली.” मी वर्तमानपत्र उलटतो. खरं सांगितलं तर तिच्या त्या सगळ्या संध्याकाळी जातील, अशी मी स्वतःची समजूत घालतो. तेही रविवारच्या कामासारखंच कारण आहे.

तिला मी एक वाक्य देणं लागतो: आई, मला तू दिसत नव्हतीस.