एक फोटो शिल्लक

"काका, अप्पा गेले. पहाटं झोपेतच... तुमी लवकर या, कॅमेरा काढून ठेवलाय." दत्ताच्या लेकीचा, संगीताचा, फोन. बाप गेलेल्या पोरीने कॅमेऱ्याचं नाव काढावं, हे कुणालाही विचित्र वाटेल. मला वाटलं नाही. दत्ताचा शेवटचा फोटो मी काढायचा, हे आमचं फार वर्षांपूर्वी ठरलं होतं.

कळमनुरीच्या बाजारात दत्ताचा स्टुडिओ. रोलच्या काळात छत्तीसपैकी पस्तीसच फोटो तो गिऱ्हाइकांसाठी काढी, एक राखून ठेवी. कारण आसपासच्या गावांतून, तांड्यांवरून कुणीतरी गाडी दामटत येई. घरातलं म्हातारं माणूस गेलेलं आणि उभ्या आयुष्यात त्याचा एकही फोटो नाही. माती व्हायच्या आत दत्ता पोचे. पायाकडे उभा राही, चादर छातीपर्यंत सारखी करी आणि तो राखलेला फोटो काढी. माझ्या आईचा आमच्या घरातला एकुलता एक फोटो तसाच आहे.

पुढे रोल मिळेनासे झाले, ते धुणारी लॅबही बंद पडली, तेव्हा आम्ही डिजिटल कॅमेरा घ्यायला नांदेडला गेलो. मी तीन आठवडे इंटरनेटवर वाचून अक्कल पाजळायला तयार. या कंपनीचा घेतला तर जुन्या लेन्स चालतील. त्या कंपनीचा हलका, पण लेन्स सगळ्या नव्या घ्याव्या लागतील. दत्ताने मला बोलू दिलं आणि दुकानदाराला एकच विचारलं, "किती उरले ते दाखवतो का ह्यो?"

"काका, यात संपायची चिंताच नाही. हजारो निघतात."

दत्ताचा चेहरा उतरला. "संपतच न्हाई म्हणल्यावर राखायचा कोणता?"

शेवटी त्याने जुन्या लेन्स चालणारा, वर शिल्लक आकडा दाखवणारा जाडजूड कॅमेरा घेतला, आणि त्यात घालायला दुकानातलं सगळ्यात लहान कार्ड. येताना बसमध्ये म्हणाला, "मास्तर, माझ्या टायमाला बटन तू दाबायचं. एक राखलेला असंल." मी हसलो होतो.

त्या सकाळी कॅमेरा हातात घेतला तर आकडा शून्य. राखलेला फोटो काढून झाला होता. कुणाचा...? मी शेवटचा फोटो उघडून पाहिला. स्क्रीनवर मी होतो. आदल्या दुपारी स्टुडिओतल्या बाकावर मला डुलकी लागली होती, तेव्हाचा. पायाकडून काढलेला. डोळे मिटलेले, चादर छातीपर्यंत सारखी केलेली. झोपताना मी चादर घेतली नव्हती.

अंगणात माणसं खोळंबली होती. "काका, काहून थांबले?" संगीताने विचारलं. कार्डावर बाकी सगळं एका लग्नाचं, अजून कॉम्प्युटरवर न घेतलेलं. दुसऱ्याचं लग्न कसं पुसणार? मी मला पुसलं. आकडा एक झाला. दत्ताच्या पायाकडे उभा राहिलो आणि बटण दाबलं.

सव्वा महिना होत आला. ती त्याची गंमत असेल, असं मी स्वतःला सांगतो; थट्टेखोर तर तो होताच. पण खरं सांगायचं तर, मला पुसून त्या जागी त्याला घेतलं तेव्हा रडू यायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांचा मित्र समोर पडलेला, आणि मला हायसं वाटलं... याची लाज काही केल्या जात नाही.

संगीताने तो फोटो मोठा करून स्टुडिओत लावलाय. मी अजून रोज दुपारी तिथे जातो. बाकावर बसतो, पण आडवा होत नाही.