मेलेल्या आजीचं उत्तर

एव्हरशाईन सिटीतल्या अल्पेशच्या स्पॅनिश क्लासची तिथं नव्यानं शिकवायला लागलेल्या हिल्डाला पहिल्याच आठवड्यात किळस आली होती. स्पेनमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला जाणाऱ्या मुली तिथं शिकत, आणि मुलाखतीची उत्तरं अल्पेशनं आधीच शिजवून ठेवलेली. प्रत्येकीनं एकच सांगायचं: मी आजीला सांभाळत होते, ती माझ्या हातांत गेली. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं की नोकरी पक्की, असा त्याचा हिशेब.

क्लासमधल्या मर्लिनची आजी सालोमी मात्र नंदाखाल गावात जिवंत होती, हिल्डाच्याच शेजारी. गुडघे धरून का होईना, केळीच्या बागेत फिरायची.

"आजी आहे ना तिची. आहे असंच सांगू दे," हिल्डा अल्पेशला म्हणाली.

"मॅडम, जिवंत आजी ऐकून कोण रडतं? तुम्ही फक्त उच्चार बघा."

हिल्डाच्या डोक्यात तिडीक गेली. पण मर्लिननंच हात जोडले. पहिल्या मुलाखतीत अडखळल्यामुळे ती नापास झाली होती, आणि ही तिची शेवटची संधी. मग हिल्डानं तिला चर्चच्या गायनमंडळात बसवतात तसं टाळ्यांवर बसवलं. एका अक्षराला एक टाळी: कुइ-दा-बा. 'कुइद' म्हणजे सांभाळणं, त्याला 'आबा' जोडलं की सांभाळत होते. तोंड शब्द एकीकडे तोडतं, अर्थ दुसरीकडे. हे कळलं तसं मर्लिनचं अडखळणं थांबलं. पुढचा शब्द मु-र्यो, म्हणजे मेली. दोनच टाळ्या, दुसरीवर जोर. 'मुर' हा आपल्या 'मर'चाच लांबचा भाऊबंद, तेव्हा तो तिच्या जिभेवर चटकन बसला. पोरगी सुरेख बोलायला लागली याचा हिल्डाला आनंद होत होता, आणि त्या आनंदाचीच तिला सगळ्यात जास्त घाण वाटत होती.

व्हिडिओ कॉलवरच्या मुलाखतीत मर्लिन कुठंही अडली नाही. पडद्यावरच्या बाईंनी डोळे पुसले. अल्पेशनं पेढे वाटले. हिल्डानं आपला पेढा जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर सालोमी वेलची केळ्यांची फणी घेऊन हिल्डाच्या दारात उभी.

"बाय, तुझ्यामुळे पोरीचं भलं झालं. तिथं माझ्याविषयी बोलली म्हणे. काय बोलली?"

"तुम्हाला सांभाळते, असं म्हणाली," हिल्डानं निम्मंच सांगितलं.

"त्यांच्या बोलीतलं मला पण येतं. घरात रोज टाळ्या वाजवत म्हणायची." सालोमीनं फणी ओट्यावर ठेवली आणि दोन टाळ्या वाजवल्या. "मु-र्यो." जोर बरोबर दुसऱ्या टाळीवर पडला. "यात मीच हाय ना?"

"हो मावशी," हिल्डा म्हणाली. "तुम्हीच."

सालोमी खूश झाली आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागली.