तिसरीच्या करून-बघू बाई

आमच्या शाळेत तिसरी आणि चौथीच्या मध्ये भिंत नाही. प्लायवूडचं पार्टिशन आहे, आणि तेही जमिनीच्या वर चार बोटं आधीच संपतं. त्या चार बोटांच्या फटीनं माझं आयुष्य नासवलं. मी चौथीची बाई. माझ्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू येते, आणि कुणी पाडली तेही मला न बघता कळतं. मुलं माझ्या पाठीमागे मला 'चूप बाई' म्हणतात. म्हणू देत. निकाल माझाच सगळ्यात वरचा असतो.

पलीकडे तिसरी. तिथे टाचण्या नाहीत, बादल्या पडतात. तिसरीच्या बाईला सगळी शाळा 'करून-बघू बाई' म्हणते, कारण मुलांनी काहीही विचारलं तरी तिचं उत्तर एकच. बाई, मुंगी साखरेऐवजी मीठ नेईल का? करून बघू. बाई, कागदाच्या होडीत किती खडू बसतील? करून बघू. एकदा कुणीतरी विचारलं, बाई, आपण सगळे एकदम उडी मारली तर जमीन हलेल का? जमिनीचं माहीत नाही, माझा फळा खिळ्यावरून निसटला.

ही बाई शिकवण्यात आली तीच मुळी उशिरा. वडील कुलपं दुरुस्त करायचे, आणि हिला गणितात दोनदा नापास केल्यावर शाळेनं हात टेकले. मग आठ वर्षं गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कटिंग मास्तरच्या हाताखाली काढली. तिथे म्हणे हिला अपूर्णांक समजले. "अहो, पाव मीटर कमी कापलं की साठ पोरांच्या चड्ड्या बसत नाहीत. मग पाव म्हणजे काय ते जन्मात विसरत नाही," असं ती मला शिक्षकांच्या खोलीत सांगायची. मी वह्या तपासत 'हं' म्हणायचे. चौतिसाव्या वर्षी तिनं प्रशिक्षण घेतलं, आणि नशीब बघा, सगळ्या जगात तिला रिकामी जागा मिळाली ती माझ्या शेजारी.

तिच्या वर्गाचे दोन नियम होते. पहिला, कोणतीही गोष्ट करण्याआधी प्रत्येकानं आपला अंदाज चिठ्ठीवर लिहायचा, खाली नाव घालायचं. अंदाज चुकला की ती चिठ्ठी मागच्या भिंतीवर चिकटायची. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'फसलेले अंदाज'. मुलं तिथे आपलं नाव लागावं म्हणून भांडायची. माझ्या वर्गात चूक केली की पोरगं मान खाली घालतं, आणि इथे बघावं तर चुकांचं प्रदर्शन! त्यात सगळ्यात जास्त चिठ्ठ्या बाईच्या स्वतःच्या.

कारण दुसरा नियम. ती कुठलाही प्रयोग आधी घरी करून बघायची नाही. कधीच नाही. मी एकदा समजावलं, "अहो बाई, निदान एकदा करून तरी बघत जा. वर्गात तोंडावर पडता." तर म्हणते, "आधी केला तर मुलांसमोर मला खोटं खोटं नवल करावं लागेल. मुलांना लगेच कळतं हो ते." घ्या! पालथ्या घड्यावर पाणी. त्यामुळे तिचे निम्मे प्रयोग फसायचे, आणि फसले की वर्ग जमलेल्या प्रयोगांपेक्षा जास्त ओरडायचा.

सामान सगळं घरून. एकदा ती हजेरीपट घरी विसरली म्हणून मी तिच्या घरी गेले होते. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो, गरीब माणूस. दार सासूबाईंनी उघडलं. स्वयंपाकघरात फळीवर डब्यांचे गोल डाग होते, डबे नव्हते. चहा गाळायला त्यांनी रुमाल घेतला.

"गाळणी वाळू गाळायला गेली," सासूबाई म्हणाल्या. "काटा गेला, हँगर गेले, कणीक मळायची परात गेली. आता घरात वजनदार म्हणून मीच उरलेय. मलाही नेईल एखाद दिवशी तराजूच्या तासाला."

"मग तुम्ही काही बोलत नाही का?"

"बोलले ना. म्हटलं, मला नेशील तेव्हा आधी अंदाज लिहून घे. सून म्हणाली, आई, तुम्ही किती किलो असाल?"

आणि त्या म्हातारबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की मलाच कसंतरी झालं. माझ्या घरात कुणी असं हसत नाही.

तर एका शुक्रवारी तिसरीत कुणीतरी विचारलं, पाणी वर चढतं का? झालं. टेबलावर पाण्याचं पिंप, खाली बादली, मध्ये रबरी नळी. नळीचं एक टोक पिंपात, दुसऱ्यातून बाईनं तोंडानं पाणी ओढलं, आणि पाणी पिंपाच्या काठावर चढून खाली बादलीत पडायला लागलं. पलीकडून अशी आरोळी उठली, की माझ्या मुलांच्या चाचणीचे पेन थांबले. तेवढ्यात सुटीची घंटा झाली. बाईनं नळी दुमडून तिला कपड्यांचा चिमटा लावला आणि सगळे घरी गेले. चिमटा किती वेळ धरेल याचा अंदाज मात्र कुणी लिहिला नव्हता.

सोमवारी मी वर्ग उघडला तर माझ्या अडतीस उत्तरपत्रिका, ज्या मी कपाटात जागा नाही म्हणून पार्टिशनच्या कडेला रचून ठेवल्या होत्या, त्यांचा फटीखालून आलेल्या पाण्यात एकच निळा लगदा झालेला. तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच दिवशी चार पानी तक्रार लिहिली. महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघ, अति महत्त्वाच्या ओळींखाली दोन.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, अशा तक्रारीची वाटच बघत होत्या. त्यांनी सरळ सांगितलं: पुढच्या महिन्यापासून करून-बघू बाईला ऑफिसात बसवायचं. दाखले, हजेऱ्या, रजिस्टरं. वर्ग काढून घ्यायचा, कायमचा. फक्त त्याआधी तपासणीचे साहेब येऊन तिचा एक तास बघतील आणि शेरा देतील. शेरा काय येणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

तिला हे कळलं तेव्हा मी तिथेच होते. ती नुसती हातातल्या सुतळीच्या गुंड्याला गाठी मारत बसली, आणि मग म्हणाली, "मला बसून लिहायला नाही हो जमत. मी मरेन तिथे." मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, "निदान साहेबांसमोरचा तास तरी आधी बसवून घ्या. मी मदत करते." तिनं मान हलवली. नाही म्हणजे नाही. मी कपाळाला हात लावला.

साहेब आले. पोट सुटलेले, कपाळावर आठी, काखेत फाइल. मोठ्या बाईंनी त्यांना खुर्ची दिली, टेबलावर पाण्याचा स्टीलचा पेला ठेवला, आणि मला तक्रारदार म्हणून मागच्या बाकावर बसवलं. धडा होता लांबी मोजण्याचा. मुलांच्या हातात सुतळीचे तुकडे. दाराची उंची, बाईच्या कपाळाचा घेर, बाकाची रुंदी, सगळं सुतळीनं मोजून झालं. अजून काही फुटलं नव्हतं. मोठ्या बाईंचा चेहरा पडत चालला होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक किडकिडीत मुलगी उठली. "बाई, या पेल्याची उंची जास्त की तोंडाचा घेर?"

बाई पेल्याकडे बघत राहिली. तिलाही माहीत नव्हतं, हे मला मागून स्पष्ट दिसलं. साहेब हसले. म्हणाले, "यात काय विचारायचं, बाळ? उंची जास्त. दिसतंय की."

"साहेब, मग चिठ्ठीवर लिहा," ती मुलगी म्हणाली.

मोठ्या बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. पण मुलीनं चिठ्ठी आणि पेन्सिल साहेबांच्या पुढे धरलीच होती, आणि माणसाच्या पुढे कुणी पेन्सिल धरली की माणूस लिहितो. साहेबांनी लिहिलं: उंची. मी मागे बसून मनात लिहिलं: उंची. अहो, कुणीही तेच लिहील.

मुलीनं पेल्याच्या तोंडाभोवती सुतळी गुंडाळली, टोक पकडलं, आणि मग ती सुतळी सरळ करून पेल्याशेजारी उभी धरली. पेला संपला, सुतळी वर उरली. थोडी नाही, जवळजवळ अजून एक पेला भरेल एवढी. वर्गात असा गोंधळ उठला की काय सांगू. बाई तर टाळ्याच वाजवायला लागली. तिचाही अंदाज उंचीच होता.

साहेबांनी सुतळी मुलीच्या हातून घेतली. स्वतः मोजलं. परत मोजलं. "ही सुतळी ताणते," म्हणाले. मुलांनी दुसरी सुतळी दिली. मग ते खुर्ची सोडून जमिनीवर बसले, आपल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण मोजलं, बाटली मोजली, खडूचा डबा मोजला. पंधरा मिनिटं मोजतच होते. शेवटी मुलांनी त्यांची चिठ्ठी मागितली, भिंतीवर लावायला. नाव काय घालू, असं विचारलं. "नुसतं 'साहेब' लिहा," ते म्हणाले, आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून कण्हले.

मग ऑफिसात शेरा लिहायची वेळ. मला बोलावलं. त्यांच्या पुढ्यात माझी चार पानं होती, लाल रेघांसकट. मला वाटलं उत्तरपत्रिकांबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"बाई, ही मुलं पुढच्या वर्षी तुमच्याकडेच येतात ना? आल्यावर काय करतात?"

"प्रश्न विचारतात," मी म्हटलं. "पहिल्या आठवड्यात रोज तीस-चाळीस. मी मोजलेत."

"आणि नंतर?"

"पहिल्या चाचणीपर्यंत एकही उरत नाही."

"कसं काय?"

मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. सांगता आलं असतं की मुलं आपोआप शिस्तीला लागतात. इतकी वर्षं मी तेच सांगत आले होते. पण मी कितीही वाईट असले तरी रजिस्टरात खोटं कधी लिहिलेलं नाही, आणि समोर फाइल उघडी होती.

"ते माझं काम आहे साहेब," मी म्हणाले. "आणि मी ते फार चांगलं करते."

साहेबांनी ते लिहून घेतलं. शब्दन् शब्द.

आदेश पंधरा दिवसांनी आला. तिसरी आणि चौथी, दोन्ही वर्षं मुलं एकाच बाईकडे राहतील. करून-बघू बाई मुलांबरोबर चौथीत. तिसरीला नवी बाई. आणि ऑफिसातल्या रजिस्टरांसाठी अक्षर चांगलं असलेली, अनुभवी शिक्षिका म्हणून मी.

माझ्या तिथल्या पहिल्याच दिवशी मधल्या सुटीत करून-बघू बाई ऑफिसात आली. हातावर रंग, साडीला चिकटलेल्या कागदाच्या कपच्या. खुर्ची असून उभी राहिली.

"तुम्ही माझ्या बाजूनं का बोललात?"

"तुमच्या बाजूनं मी काय म्हणून बोलेन? माझ्या अडतीस उत्तरपत्रिका तुम्ही बुडवल्यात." माझा आवाज चढला, आणि मग बसला. "त्यांनी विचारलं. तेवीस वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं, की माझ्याकडे आल्यावर मुलांचं काय होतं."

जगातल्या प्रत्येक मुंगीची चौकशी करणारी ती बाई हातावरचा रंग नखानं खरवडायला लागली.

"मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "शेजारच्याच वर्गात तर होतात तुम्ही."

मला तिचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं. मी दाखल्यांचं रजिस्टर पुढे ओढलं. ती खुर्चीवर बसली, आणि घंटा होईपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.