पाठीचं पाणी

आमच्या लॅबमध्ये स्वच्छ पाण्याची धास्ती होती. असं म्हटलं की बाहेरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघत राहतो, म्हणून आधी तेच समजावतो. नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात मी टेक्निशियन होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. तापात झटके आलेल्या लेकराच्या मणक्यात सुई घालून डॉक्टर थेंब थेंब पाणी काढत, आणि पेनिसिलिनच्या उकळून घेतलेल्या रिकाम्या बाटलीत ते माझ्या टेबलावर येई. मेंदूभोवती असतं तेच हे पाणी. मी बाटली खिडकीपाशी धरायचो आणि तिच्यामागे वर्तमानपत्राचा तुकडा. पाणी गढूळ असलं, अक्षरं दिसली नाहीत, तर आत पू आहे, म्हणजे जंतू आहेत, आणि जंतूंवर इंजेक्शनं होती. अक्षरं लख्ख वाचता आली तर बहुधा व्हायरस. त्यावर आमच्याकडे काहीच नव्हतं.

त्या वर्षी पोळ्याच्या आसपास पोरं यायला लागली. सावनेरकडून, भंडाऱ्याकडून, बैलगाडीतून, एस.टी.तून, बापाच्या खांद्यावर. काल अंगणात खेळत होतं, आज तापानं फणफणलं, उद्या डोळे फिरवले, असा हिशेब. लेकरांच्या वॉर्डाचे मोठे डॉक्टर आम्हाला सांगायचे की धानाच्या बांध्यांत आणि डबक्यांत वाढलेला डास डुकराला चावतो आणि मग माणसाला चावतो. डुकराला काही होत नाही, लेकराचा मेंदू सुजतो. डुकरं गावोगाव होती, आणि डासांचं तर विचारूच नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, लोक रोगराईला ओरडून ओरडून गावाबाहेर काढतात. त्या वर्षी आमच्या गल्लीतली पोरं घसा फोडून ओरडत होती, "मेंदूचा ताप घेऊन जाय गे मारबत!" मारबत गेली, ताप काही गेला नाही. आम्ही नमुने थर्मासात बर्फ घालून पुण्याच्या व्हायरसच्या संस्थेत पाठवत होतो. तिकडून उत्तर यायच्या आत इकडची खाट रिकामी झालेली असायची.

आणि याच्यावर कडी म्हणजे लोकांचा समज. पाठीचं पाणी काढलं की लेकरू मरते, असं वॉर्डाच्या व्हरांड्यात बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. तिनं ते डोळ्यांनी पाहिलेलंच असायचं. शेजारच्या खाटेवरच्या पोराचं पाणी काढलं, दुसऱ्या दिवशी पोरगं गेलं. बाया पोर उचलून मागच्या दारानं पळून जात. मला भयंकर राग यायचा. मी लॅबमधून उठून वर जायचो आणि भांडायचो. "अहो, पाणी काढल्यानं मरत नाही. जे मरणार आहे त्याचंही पाणी काढतात, म्हणून तुम्हाला तसं वाटतं. डोकं चालवा जरा!" बायका पदर तोंडाशी धरून ऐकून घेत. एक म्हातारी मला म्हणाली होती, "साहेब, तुम्ही नुसती बाटली पाहता. आम्ही लेकरू पाहतो."

माझा आवाज चढायचा ना, त्याचं कारण आता सांगतो. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. मी शिकलेला माणूस, सूक्ष्मदर्शकाला रोज डोळा लावणारा. पण महिनाभर बाटली येते, मी ती खिडकीपाशी धरतो, अक्षरं लख्ख दिसतात, मी चिठ्ठीवर 'स्वच्छ' लिहितो, आणि दुसऱ्या दिवशी कळतं की ते लेकरू गेलं. असं किती वेळा व्हावं? शेवटी शेवटी वॉर्डबॉय बाटली घेऊन जिन्यावरून उतरताना दिसला की मी दुसरीकडे तोंड फिरवायचो. मी देवाजवळ पू मागायचो. हसू नका, खरंच मागायचो.

अशात माझी धाकटी बहीण आली. ती सावनेरजवळच्या एका गावात दिलेली. नवरा शेतकरी, घरी संत्र्याची लहानशी बाग, आणि पाच वर्षांची एकच पोट्टी. ती पोट्टी म्हणजे आमच्या घरातला रेडिओ. आली की बंद व्हायची नाही. गाणी म्हणायची, कोंबडीशी भांडायची, मला 'मामासायेब' म्हणून ऑर्डरी सोडायची. त्या दिवशी दुपारी बहिणीनं तिला पदरात गुंडाळून वॉर्डात आणलं तेव्हा तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि मान लाकडासारखी ताठ होती. वाटेत एक झटका येऊन गेला होता.

वॉर्डातले एक तरुण डॉक्टर लगेच आले. बघितलं, मान वाकवून पाहिली, आणि म्हणाले, "पाणी काढावं लागेल. आत्ताच."

बहिणीनं डॉक्टरांकडे बघितलंही नाही. माझा हात धरला. "दादा, तू सांग. तू म्हणशीन तसं."

मला अजून त्या वॉर्डातला फिनाइलचा वास येतो. बहिणीच्याच गावातली दोन पोरं गेल्या आठवड्यात येऊन गेली होती. दोघांचंही पाणी मीच पाहिलं होतं. दोन्ही स्वच्छ, आणि दोन्ही पोरं आता नव्हती. मी डॉक्टरांना बाजूला घेतलं आणि माझ्या अनुभवाचा सगळा तोरा आवाजात आणून म्हणालो, "साहेब, गाव तेच, ताप तोच. हिचंही स्वच्छच निघणार. मग कशाला टोचता पोरीला?"

डॉक्टर दोन दिवस झोपले नव्हते. वॉर्डात एकेका खाटेवर दोन दोन लेकरं होती. "तुम्ही लॅबचे माणूस, तुम्हाला माहीत आहे," एवढंच ते बोलले. केसपेपरवर नकार लिहिला आणि खाली माझी सही घेतली. मेंदूच्या तापाचे म्हणून जे उपचार सगळ्यांना चालले होते तेच हिला सुरू केले, सलाइन, ओल्या पट्ट्या, झटक्याचं औषध. बहिणीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी यमाला दारातून परत पाठवलं. मलाही बरं वाटलं. आता लाज वाटते ते सांगायला, पण वाटलं खरं.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. पोट्टी डोकं धरून कण्हत राही, उजेड सहन होत नव्हता. मी दर तासाला जिना चढून जायचो. तिच्या उजव्या कानातून काहीतरी पिवळं येत होतं. बहीण ते पदराच्या टोकानं पुसत होती. "तो कान दर पावसाळ्यात वाह्यतेच गा," ती म्हणाली. मी ऐकलं आणि सोडून दिलं. मी, लॅबचा माणूस!

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. ओलं उशीचं कापड पाहिलं, कान पाहिला, केसपेपर पाहिला आणि सगळ्या स्टाफसमोर कडाडले. "कानातून पू वाहतोय आणि हिला व्हायरस कुणी ठरवलं? नकार कुणाचा?" मी पुढे झालो. "धरा तिला," ते म्हणाले.

बहीण तेव्हा मातामायला, रोगराईच्या देवीला, पाणी घालायला गेली होती. दवाखान्यामागच्या कडुनिंबाखाली शेंदूर फासलेले दगड होते, वॉर्डातल्या बाया रोज सकाळी ओलेत्यानं तिथं जात. तिचा नवरा बैलांचं बघायला गावी गेलेला. म्हणून मीच धरलं. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, एवढीशी पाठ कमानीसारखी वाकवून. ती "मामासायेब, मामासायेब" करत होती. सुई गेली. पहिला थेंब बाटलीत पडला, मग दुसरा.

गढूळ. भाताच्या पेजेसारखं गढूळ.

महिनाभराच्या सवयीनं आधी मला आनंदच झाला. अरे बाप्पा, पू आहे, औषध आहे, वाचली! मी बाटली घेऊन जिना उतरत होतो, जवळजवळ धावतच. अर्ध्या जिन्यात तारीख आठवली. हे पाणी परवा काढलं असतं तरी गढूळच निघालं असतं. मी खाली बसलो. मग उठलो आणि बाटली टेबलावर नेली.

इंजेक्शनं लगेच सुरू झाली. बहीण ओल्या केसांनी परत आली तोवर पाठीवरची चिकटपट्टी फ्रॉकखाली झाकली गेली होती. मोठे डॉक्टर मला म्हणाले, "आईला तुम्हीच सांगा." मी सांगतो म्हणालो.

सांगितलं नाही. आधी म्हटलं ताप उतरू दे. दोन दिवसांत उतरला. मग म्हटलं, उठून बसू दे. बसली. आठवड्यानं तिच्या मागं एका बाईच्या हातून स्टीलचं ताट फरशीवर पडलं, सगळा वॉर्ड दचकला, आणि आमची पोट्टी खिडकीतल्या चिमणीकडे बघत राहिली. तिला काही ऐकूच आलं नव्हतं. पुढे तपासण्या झाल्या. दोन्ही कान गेले होते. बहीण म्हणाली, "कान गेले त जाऊ दे. जीव वाचला माझ्या बाईचा." मग मी काय सांगणार होतो, आणि कोणत्या तोंडानं?

बहिणीच्या गावात मी देवमाणूस झालो. बहिणीनं घरोघर सांगितलं, डॉक्टर पाणी काढून राहिले होते, दादा आडवा पडला, म्हणून वाचली. दिवाळीला गेलो तर बाया ओवाळायला आल्या. मी मान खाली घालून ओवाळून घेतलं. पोट्टी माझ्या मांडीवर बसून असायची. गाणी थांबली होती. होते ते शब्दही हळूहळू कमी होत गेले. जे ऐकू येत नाही ते लेकरू विसरतं, हे मला तेव्हा कळलं. 'मामासायेब'चं आधी 'मासाये' झालं, मग नुसतं 'मा', आणि पुढच्या वर्षी तेही गेलं. नंतर ती माझी मिशी ओढून मला हाक मारायची.

असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात तापाची पोरं पुन्हा यायला लागली, आणि एका दुपारी लॅबच्या दारात बहीण उभी राहिली. सोबत पोट्टी आणि शेजारची एक बाई. त्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं.

"दादा, हिचा पोट्टा वर वॉर्डात आहे. डॉक्टर पाठीचं पानी काढतो म्हनून राहिले. मी हिले म्हटलं, घाबरू नको वं, माझ्या भावाले इचार. त्याच्यामुळंच माही वाचली. सांग न हिले, काढू देऊ नको म्हनून."

ती बाई माझ्याकडे पाहत होती. माझ्या 'नाही'ची वाट पाहत होती. ते किती सोपं होतं!

"काढू द्या," मी म्हणालो.

बहिणीला वाटलं, मी थट्टा करतोय. "काय गा दादा..."

"काढू द्या बाई. आत्ताच्या आत्ता वर जा आणि अंगठा द्या. एक तास घालवू नका."

बाई एकदा बहिणीकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग वळली आणि जिन्याकडे पळाली. तिच्या लेकराचं पाणी थोड्याच वेळात माझ्या टेबलावर येणार होतं आणि ते कसं निघणार हे मला ठाऊक नव्हतं. आता दारात आम्ही तिघंच उरलो.

"मंग माह्या पोट्टीचं काहून नाही काढू देलं?" बहिणीनं विचारलं. आवाज अगदी हळू.

"काढलं होतं वं. तिसऱ्या दिवशी. तू मातामायले गेली होती तेव्हा. मीच धरलं तिले. पू होता. औषध होतं त्याच्यावर. पहिल्याच दिवशी काढलं असतं त..." मी पोट्टीकडे बघितलं. "माझं चुकलं. मले वाटलं, पाणी काढलं की मरन. मलेही तसंच वाटलं."

"कान वाचले असते?"

"बहुतेक."

ती ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल, मारेल, मी तयारही होतो. ती उंबऱ्यावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली, असं रडणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

भाचीला यातलं एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं. तिनं आईला नुसतं रडताना पाहिलं. ती घाबरली, इकडेतिकडे बघू लागली, आणि मग धावत येऊन मलाच बिलगली.