नेटला लागलेलं बोट

माझ्या सासुरवाडीत जावयासाठी एक खास खुर्ची आहे. लाल, प्लॅस्टिकची, एका हाताला तडा गेलेली. सोलापुरातून एसटीने मोडनिंबला उतरून मी पुढच्या त्या लहानशा गावात पोचलो, की खुर्ची माझ्या पुढे-मागे फिरू लागते. अंगणात खुर्ची, शेतात खुर्ची, संध्याकाळी व्हॉलीबॉलच्या मैदानावरही खुर्ची. लग्नाला सहा वर्षं झाली होती, तरी तिथल्या मातीला माझे पाय नीट लागले नव्हते.

सासरे व्हॉलीबॉलचे वेडे. साठी उलटलेली, उजवा गुडघा कुरकुरणारा, तरी रोज विजार वर खोचून मैदानात. एकदा मी म्हणालो, "मामा, मीही येतो खेळायला." "जावयाला मातीत पाडून गावात तोंड कसं दाखवू?" असं म्हणत त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. मग माझी समजूत काढायला म्हणून बसल्या जागी नियम शिकवू लागले.

"हिकडं सहा, तिकडं सहा. तीन हातांत चेंडू पलीकडं गेलाच पायजे. एकानं लागोपाठ दोनदा हात लावायचा न्हाय. आन् धरून ठिवायचा न्हाय, त्यो काय पावना हाय व्हय?" हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं, ते माझ्या बरोबर लक्षात आलं.

"रेषेवर पडला तर?"

"तर आत. आन् सर्व्हिस आपल्याकडं आली की समद्यांनी एकेक जागा सरकायचं. सरपंच असला तरी त्याला मागं जावंच लागतंय."

शेवटचा नियम मात्र ते आवाज खाली आणून सांगत. "नेटला अंग लागलं की पॉइंट गेला. तितं शिट्टीची वाट बगायची न्हाय. ज्याचं लागलं त्यानं आपला आपण हात वर करायचा." हा दुसरा भाग त्यांनी स्वतः घालून दिलेला. गावातली पोरं तर नुसता शर्ट नेटजवळ फडफडला तरी हात वर करत.

त्या वर्षी अधिक महिना आला. जावयाला धोंड्याचं जेवण, म्हणजे पुरणाचे धोंडे, अनारसे, तुपाची धार आणि वर नव्या कपड्यांचा आहेर. त्याच संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या गावाशी सामना होता. त्या गावाला सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकदाही हरवलं नव्हतं. डॉक्टरांनी गुडघ्यापायी खेळ बंद करायला सांगितलेला, आणि हा सामना शेवटचा असं सासूबाईंनी त्यांच्याकडून वदवून घेतलेलं. गुडघ्याला पट्टी गुंडाळताना ते मला म्हणाले, "आज न्हाय तर कदीच न्हाय, जावईबापू."

ऐनवेळी पंच आलाच नाही. तेव्हा पलीकडच्या गावच्या कप्तानाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी घाईघाईने म्हणालो, "अहो, मी यांचा जावई."

"म्हून तर," तो म्हणाला. "जावई कदी सासऱ्याच्या बाजूनं असतोय व्हय?"

सगळ्या मैदानाला हे पटलं. ट्रॅक्टरची ट्रॉली नेटच्या खांबाजवळ लावून तिच्यात माझी खुर्ची चढवली. आहेराची टोपी डोक्यावर, शिट्टी गळ्यात, पोटात पाच धोंडे. धोंड्याच्या दिवशी जावयाशी वाद घालायचा नाही अशी रीत असल्याने माझा प्रत्येक निर्णय मान्य झाला. घरी वर्षभरात माझं एवढं कोणी ऐकत नाही.

दोन्हीकडे दोन-दोन गेम झाले. शेवटचा पंधराचा. चौदा-तेरा, सासरे पुढे. पलीकडच्याने चेंडू जोरात हाणला, सासऱ्यांनी त्या गुडघ्यावर उडी मारून दोन्ही हातांनी अडवला आणि चेंडू पलीकडेच मातीत पडला. गाव नाचायला लागलं. पण उडीतून खाली येताना त्यांचं मधलं बोट नेटच्या वरच्या पट्टीला घासून गेलं होतं. वर बसल्यामुळे ते मला स्वच्छ दिसलं. दुसऱ्या कोणालाच दिसलं नव्हतं.

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. हात खालीच. ते माझ्याकडे बघत होते. मामा, करा हो वर, असं मी मनातल्या मनात विनवत होतो. मला त्यांची कीव आली, त्यांचा रागही आला आणि स्वतःची तर भीतीच वाटली. मग मी शिट्टी फुंकली. "नेट."

रीतीप्रमाणे कोणी वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं. चौदा-चौदा झाले, पुढचे दोन्ही पॉइंट गेले आणि सामनाही गेला.

रात्री सासरे अर्ध्या ताटावरून उठले. सासूबाईंनी माझ्या ताटात अनारसा जरा जोरातच ठेवला. "जिंकलं असतं तर समाधानानं सुटला असता की ह्यांचा खेळ," त्या पुटपुटल्या.

सकाळी मी पिशवी भरत होतो, तर सासऱ्यांचा निरोप आला, मैदानावर या. गेलो. मैदान मोकळं होतं. नेटच्या पलीकडे ते एकटे, गुडघ्याला पट्टी, काखेत चेंडू.

"मामा, खुर्ची?" सवयीने माझ्या तोंडून गेलं.

"आज खुर्ची न्हाय. उतरा मातीत."

मी चपला काढतोय तोवर त्यांनी सर्व्हिस केली. चेंडू माझ्या तोंडावर आपटून परत त्यांच्याकडे गेला, चष्मा उडाला आणि आहेराच्या विजारीसकट मी खाली बसलो. उचलायला ते आले नाहीत. "एक तरी हात लावायचा की," एवढंच म्हणाले.

मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, तर ते नेटजवळ येऊन उभे होते. उजवा हात सरळ वर केलेला.

"काय झालं? तुम्ही तर नेटपासून लांब होता."

"ह्यो कालचा हाय," ते म्हणाले.

बघायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं, तरी त्यांनी तो हात चांगला वेळ तसाच धरला. मग खाली घेतला आणि नेटखालून चेंडू माझ्याकडे लोटला.

"सर्व्हिस तुमची."